दादा, तुझ्या गाडीचा एसी दुरुस्त झाला

दादा, तुझ्या गाडीपाशी गेलो की मी अजून सवयीने डाव्याच दाराशी उभा राहतो. मग लक्षात येतं की उजवीकडे आता कुणी बसलेलं नाही, आणि गाडीला वळसा घालून स्टिअरिंगपाशी जावं लागतं. तुझ्या लांब पायांच्या हिशोबाने सीट पार मागे आहे. ती पुढे ओढायला एक खटका दाबायचा, एवढंच. मी तो दाबलेला नाही. पाठीला उशी घेऊन चालवतो. वहिनी शेजारी बसून ते बघतात. तू असतास तर पहिल्याच वळणावर म्हणाला असतास, "उशी काढ रे भित्र्या, गाडी चालवतोयस की पेशंट आहेस?"

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे तुझ्याबद्दल बोलले. तुझे विद्यार्थी बोलले, शाळेतले बोलले, कॉलनीतले बोलले. विहारात बसायला जागा उरली नव्हती. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठलो, हात जोडले आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, भावाला रडू आवरेना. ते तर होतंच, पण खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्या डोक्यात गाडीचा एसी होता. माईकसमोर उभं राहून एसीबद्दल काय बोलणार? म्हणून ते आता तुला सांगतो. तुझ्यावर रागवायचंही आहे, आणि तेही चारचौघांत जमलं नसतं.

हॉस्पिटलमध्ये तुला आत नेलं त्या सकाळी वहिनी आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी वहिनींना विचारलं, "आधी काही त्रास व्हायचा का? छातीत दुखणं, दम लागणं, उगाच घाम येणं?" वहिनी म्हणाल्या, "घाम यायचा. पण तो गाडीचा एसी..." आणि त्या तिथेच थांबल्या. डॉक्टरीणबाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि त्या आत गेल्या. वहिनींचं ते वाक्य मात्र तिथेच अडकून राहिलं. त्या दिवसापासून त्या ते पुरं करायला बघत होत्या, आणि त्यांच्याबरोबर मीही.

कारण घाम तुला यायचाच. गेल्या उन्हाळ्यापासून तू गाडीतून उतरायचास तेव्हा शर्टाची पाठ ओली असायची, कपाळ पुसून पुसून रुमालाचा बोळा झालेला असायचा. वहिनी विचारायच्या, आणि तुझं उत्तर तयार असायचं, "एसी बिघडलाय." आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं. का नाही करणार? एसी खरंच नीट चालत नव्हता, हे आम्हीही मागे बसून अनुभवलं होतं. वहिनी तुला गॅरेजला पाठवत राहिल्या. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं आता वाटतं. पण तेव्हा आम्हाला पखालच फाटलेली दिसत होती.

ती गाडी तू घेतलीस तेव्हाच जुनी होती. बदली होऊन चाललेल्या एका साहेबाची. सगळ्या कॉलनीला तू तिचं एकच कौतुक दाखवायचास, ते म्हणजे तिचा आपोआप चालणारा एसी. "आपण फक्त आकडा सांगायचा," तू म्हणायचास. "पंखा किती, गार किती, गरम किती, ते गाडी बघते. तिला नाक आहे. आतली हवा हुंगते आणि ठरवते." ते नाक कुठे आहे, असं मी विचारलं तर म्हणालास, "असेल कुठेतरी. तुला तुझं नाक दिसतं का?" आणि मग चोवीसचा आकडा लावून AUTO चं बटण अशा थाटात दाबायचास, जणू वर्गात प्रयोग करून दाखवतोयस. दहावीच्या पोरांना विज्ञान शिकवून शिकवून तुझ्यासाठी घरातला प्रत्येक माणूसही विद्यार्थीच झाला होता. मला तर आपोआप चालणाऱ्या कुठल्याही गोष्टीची धास्ती. गीझर आपोआप बंद होतो म्हणतात, तरी मी दोनदा जाऊन बघतो. घरातली सगळी काळजी मी करायचो आणि सगळी कामं तू करायचास, अशीच आपली वाटणी होती.

ऑफिसात ऑडिट असलं की माझी झोप उडायची. ते ओळखून तू न सांगता संध्याकाळी ऑफिसच्या गेटशी गाडी घेऊन उभा राहायचास. "बस. आधी गार हो. मग बोल," म्हणायचास. द्वारकेच्या सिग्नलपर्यंत मी एक शब्द बोलायचो नाही. उपनगर नाका आला की बोलायला लागायचो, आणि नाशिक रोडला पोचेपर्यंत माझं सगळं संकट किती फालतू आहे हे तू मला पटवून दिलेलं असायचं. त्या गारव्याचे माझ्यावर फार उपकार आहेत. एवढं साधं वाक्य तुला कधी म्हणालो नाही.

मग तो गारवाच बिघडला. गाडी सुरू केली की सुरुवातीला फर्स्टक्लास गार हवा यायची. थोडं अंतर गेलं की पंखा आपोआप मंदावायचा आणि कोमट वारा यायला लागायचा. आकडा मात्र चोवीसच. तू चोवीसचे बावीस करायचास, बावीसचे अठरा करायचास, गाडी थोडा वेळ ऐकायची आणि पुन्हा आपल्या मनाचं करायची. वहिनींनी तुला जेल रोडच्या खैरनारच्या गॅरेजला पाठवलं. येऊन तू सांगितलंस, गॅस भरला. तरी तेच. पुन्हा पाठवलं. तू सांगितलंस, "पार्ट मागवलाय. जुन्या गाडीचा पार्ट आहे, मुंबईहून यायचाय." त्यानंतर दिवाळी आली, थंडी आली आणि गेली, आणि पार्ट काही आला नाही. वहिनी खैरनारच्या नावाने बोटं मोडायच्या. तू म्हणायचास, "अगं, येईल. काय घाई आहे?"

आता इगतपुरीचं सांगतो.

मावशीकडच्या साखरपुड्याला आपण दोघंच गेलो होतो, भर आषाढात. घोटी सोडल्यावर पुढचं काही दिसेना. ढग रस्त्यावर उतरले होते, वायपर थकले होते, काचेवर आतून वाफ धरत होती. मी स्वेटर आणला नाही म्हणून स्वतःला शिव्या देत काखेत हात धरून बसलो होतो. आणि तू घाम पुसत होतास. एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्या हाताने रुमाल. मी म्हणालो, "दादा, तुला एवढा घाम कसा येतोय?"

"एसी. गरम फेकतोय बघ."

मी तुझ्या बाजूच्या झरोक्यासमोर हात धरला. हवा गार होती. चांगली गार होती. "दादा, गार आहे रे," मी म्हणालो.

"हवा नाही, तुझा हात गार आहे. घाबरट माणसाचे हात गारच असतात."

मी हसलो. तूही हसलास. पुढे एका टपरीवर तू चहा प्यायला थांबलास आणि चहा पिऊन झाल्यावरही बराच वेळ बाकावर बसून राहिलास, पाऊस बघत. तू पाऊस बघत बसणारा माणूस नव्हतास. तो वाद तसाच राहिला, दादा. हवा गार होती की माझा हात, ते आपण ठरवलंच नाही. आणि हे मी वहिनींना कधी सांगितलं नव्हतं.

तू गेल्यावर वहिनींना पेन्शनच्या कागदांसाठी शहरात न्यायचं होतं. रिक्षाने जाऊ म्हटलं तर म्हणाल्या, "नको, गाडी आहे ना." त्यांनी डॅशबोर्डवरच्या बुद्धमूर्तीसमोर नेहमीप्रमाणे उदबत्ती लावली, शेजारच्या त्या छोट्या जाळीत खोचून. हात जोडले आणि बसल्या. उन्हाचा तडाखा होता. मी चोवीस लावलं, AUTO दाबलं. गांधीनगर सोडेपर्यंत गार होतं. मग पंखा मंदावला आणि कोमट वारा यायला लागला.

वहिनींनी झरोक्यासमोर हात धरला. मला बघवेना.

"बिघडलेलाच आहे ना, भाऊजी?" त्या म्हणाल्या. "यांना याच्यामुळेच घाम यायचा ना?"

मी म्हणालो, "बघतो."

"नीट बघा. मला खरं काय ते सांगा. एसीच बिघडलेला असेल तर ठीक आहे. पण एसी नीट असताना मी यांना दवाखान्याऐवजी गॅरेजला पाठवत राहिले असेन, तर मग..." खिडकीची काच खाली केली आणि बाहेर बघत बसल्या.

त्या दिवसापासून रोज एकच प्रश्न. फोन केला की पहिलं वाक्य, "बघितलं का?" त्यांचं जेवण सुटलं होतं, हे त्यांच्या शेजारणीने मला सांगितलं. तुझी लेक ऋतुजा पुण्याहून दर आठवड्याला येऊन जायची, तिच्याशीही त्या धड बोलत नव्हत्या. आणि निकाल कुणाच्या हातात? माझ्या! गीझर दोनदा बघणाऱ्या माणसाच्या!

सरळ खैरनारकडे जायचं सोडून मी स्वतःच बघायला लागलो. का, ते तुला कळेल. खैरनारने काय सांगितलं असतं याचीच भीती होती. एसी नीट आहे म्हणाला असता तर वहिनींना काय तोंड दाखवू? आणि बिघडलेला आहे म्हणाला असता, तर इगतपुरीचं काय करू?

फोनवर मी व्हिडिओ बघितले. जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक एसी बिघडला तर काय बघायचं, याचे ढीगभर व्हिडिओ आहेत. एकजण म्हणतो गॅस, दुसरा म्हणतो कॉम्प्रेसर, तिसरा म्हणतो आत एक झडप असते, ती गरम हवा आणि गार हवा यांची मिसळ करते, तिची मोटर जाते. मला प्रत्येकाचं पटत होतं. तुमच्या बिल्डिंगखाली बदामाच्या सावलीत गाडी उभी करून मी भर दुपारी एसी लावून बसायचो. घरातला ताप बघायचा थर्मामीटर झरोक्यात धरला, तर तो नुसता "Lo" दाखवायला लागला. त्याला बिचाऱ्याला माणूसच माहीत. मग विचार केला, आपणच मोजमाप. आपल्याला घाम येतो का बघू. आणि मला दरदरून घाम आला, दादा. पण तो कोमट हवेचा होता की काळजीचा, कसं सांगणार? घाबरट माणसाच्या घामाची साक्ष कुठल्या कोर्टात चालणार?

एका व्हिडिओत सांगितलं होतं की अशा गाड्या स्वतःची तपासणी स्वतः करतात. दोन बटणं एकदम दाबून ठेवायची आणि चावी फिरवायची. मी सगळ्या बटणांच्या जोड्या दाबून बघितल्या. एकदा पुढच्या काचेवर वाफारा सुटला, एकदा मागची काच तापायला लागली. मग अचानक तो चोवीसचा आकडा नाहीसा झाला आणि पडद्यावर एक खूण लुकलुकायला लागली. मी घाबरून चावीच काढून घेतली. पुन्हा लावली तर पुन्हा तीच खूण. फोनवर शोधलं तेव्हा अर्थ कळला. आतल्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरमध्ये दोष. म्हणजे तुझ्या गाडीच्या नाकात.

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! गाडीच बिघडलेली होती. मशीन स्वतः कबूल करत होतं. तसाच गाडी काढून मी जेल रोडला गेलो. पक्कं करून घ्यायचं, दुरुस्त करून घ्यायचं, आणि वहिनींना जाऊन सांगायचं की तुम्ही चुकला नाहीत.

खैरनार गाडी ओळखून लगबगीने आला. सटाण्याकडचा, जाडजूड, सतत बोलणारा माणूस. माझ्याकडे बघून एकदम गप्प झाला. "सरांचे भाऊ ना? लय वाईट झालं हो," म्हणाला. मी मान हलवली. सेन्सरचं सांगितलं. त्याने दार उघडून आत डोकं घातलं आणि तिथूनच ओरडला, "आरं देवा! त्या काड्या आजून तशाच ठेवल्या का?"

"कुठल्या काड्या?"

त्याने मला आत वाकवून दाखवलं. वहिनी उदबत्ती खोचतात ती जाळी. आपल्याला सगळ्यांना वाटायचं की कंपनीने ती उदबत्तीसाठीच ठेवली आहे, भोकंही तेवढीच. तेच ते नाक, दादा. तिच्या भोकांत उदबत्तीच्या जळून उरलेल्या काड्या मोडून बसल्या होत्या, राख आत जाऊन थर धरला होता. "मागून गार हवेची नळी जाते," खैरनार म्हणाला. "समोरनं हवा आत येईना, मग त्या सेन्सरला नळीचाच गारवा लागतो. त्याला वाटतं गाडी थंड झाली, की लगेच एसी कमी करून टाकतो. बाकी काय नाय. गॅस वक्के आहे, कॉम्प्रेसर वक्के आहे."

"आणि पार्ट?" मी विचारलं. "मुंबईहून यायचा होता तो?"

खैरनार हातातला पाना पुसत राहिला. मग म्हणाला, "कसला पार्ट, साहेब? पार्ट लागतच नाय. सरांना मी तेव्हाच म्हणलं होतं, जाळी काढून फुंकर मारून देतो, बसा, चहा येईस्तोवर होईल. सर म्हणले, नको, राहू द्या. घरनं मॅडमचा फोन आला तर सांगा, पार्ट मागवलाय."

"का?"

"मी काय विचारणार? मला वाटलं, मॅडमची उदबत्तीची जागा, त्यांना वाईट वाटंल, म्हणून म्हणत असतील. सर चांगला माणूस." त्याने गॅरेजच्या कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बोट केलं. "तिथं बसायचे. गाडीचं काम नसलं तरी यायचे. म्हणायचे, खैरनार, जरा बसतो, मग जातो. पाणी प्यायचे. रंग उतरलेला असायचा. मी एकदा म्हणलं बी, सर, बीपी बघून घ्या. तर म्हणले, बघू, निवृत्त झाल्यावर."

मी त्या स्टुलाकडे बघत राहिलो. खैरनारने जाळी उचकटली, काड्या चिमट्याने ओढून काढल्या, हवेच्या पाइपने राख उडवली. खरंच, चहा येईपर्यंत झालं.

दादा, तुला माहीत होतं. गाडी बिघडलेली होती हे खरं, आणि तू ती बिघडलेली ठेवलीस हेही खरं. ती नीट झाली असती तर तुझ्या घामाला कारण उरलं नसतं. वहिनींनी विचारलं असतं, मी विचारलं असतं, तुला डॉक्टरसमोर बसावं लागलं असतं. इगतपुरीच्या वाटेवर मला हसवून गप्प केलंस, तेव्हाही तुला माहीत होतं. मला भित्रा म्हणायचास! मी निदान माझी भीती चारचौघांत मिरवतो. तू ती गॅरेजच्या कोपऱ्यात स्टुलावर बसवून ठेवलीस. माझ्या सगळ्या भीतींना गेटवर घ्यायला यायचास, आणि तुझी एक भीती मला सांगितली नाहीस. मला याचा राग येतो. राग आला की लगेच वाटतं, किती एकटा बसला असशील तिथे, आणि मग मला रागवताही येत नाही.

परतताना एसी असा लागला की काय सांगू. चोवीस म्हणजे चोवीस. पंखा एका लयीत, हवा एकसारखी. त्या गार गाडीत मी दुर्गा गार्डनपाशी कडेला थांबलो आणि वहिनींना काय सांगायचं, याचा विचार करत बसलो. एक सोपा रस्ता होता. "गाडीच बिघडलेली होती" एवढंच सांगायचं. खोटं नव्हतं त्यात. त्या सुटल्या असत्या. पण मग जाळीत काड्या कुणाच्या, हे विचारलं असतं तर? आणि नसतं विचारलं, तरी तू गॅरेजवाल्याला त्यांच्याशी खोटं बोलायला लावलंस, हे मी एकट्याने पोटात ठेवायचं? तू तेच केलं होतंस, सगळं पोटात ठेवलं होतंस. ते कुठे नेतं, हे आम्ही बघितलं.

मी वहिनींना खाली बोलावलं. गाडीतच बसवलं, दारं लावून घेतली आणि सगळं सांगितलं. सेन्सर, काड्या, राख, पार्ट, स्टूल. इगतपुरीही सांगितलं. खैरनारला काय वाटलं होतं तेही सांगितलं, की तुमची उदबत्तीची जागा मोडू नये म्हणून दादाने तसं केलं असेल. निदान तेवढं तरी त्यांच्या पदरात पडावं, असं मला वाटलं.

मला वाटलं, वहिनी आता रडतील. मी पाण्याची बाटली शोधायला लागलो.

"माझ्यासाठी?" त्या म्हणाल्या. "ते माझ्यासाठी बिघडलेलं ठेवलं नव्हतं, भाऊजी. मला एका शब्दाने म्हणाले असते तर मी उदबत्ती दुसरीकडे लावली नसती का? मूर्तीला काय फरक पडतो?" त्यांचा आवाज चढत गेला. "पार्ट मागवलाय म्हणे! आठ-आठ दिवसांनी मी विचारायची, आला का पार्ट, आला का पार्ट. हा माणूस माझ्या तोंडावर म्हणायचा, येईल. मी त्या खैरनारला किती बोलले! आणि तेव्हापासून मी इथे स्वतःला खातेय, की मी का नाही ओळखलं. मला ओळखूच दिलं नाही! असं करतं का कुणी? एकदा सांगायचं होतं, मला भीती वाटते म्हणून. मी काय खाल्लं असतं त्यांना?"

त्या तुझ्यावर रागावल्या, दादा. तू गेल्यापासून पहिल्यांदा. आवाज वर बाल्कन्यांपर्यंत गेला असेल. मग रडल्याही, पण ते रडणं वेगळं होतं, भांडण झाल्यावरचं. रडून झाल्यावर पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "भूक लागली आहे. तुम्ही जेवलात का?" मी नाही म्हणालो. वर जाऊन त्यांनी पिठलं टाकलं, आणि भाकरी थापताना, तव्यावर टाकताना, मला वाढताना त्यांचं तुझ्याशी भांडण चालूच होतं. तुझ्या फोटोकडे बघून एकदा म्हणाल्या, "हसताय काय?" त्या दोन भाकरी जेवल्या. मी मोजल्या नाहीत, पण मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी पेन्शनचे राहिलेले कागद द्यायचे होते. ऊन तसंच. चोवीसवर गाडी, गारेगार. द्वारका ओलांडली, तरी गार. वहिनी झरोक्यासमोर हात धरत नव्हत्या. मला बरं वाटत होतं, दादा, खरंच बरं वाटत होतं. तरी सिग्नलला थांबलो तेव्हा मी बाहीने कपाळ पुसलं. सवयीने, काही विचार न करता.

"घाम आलाय तुम्हाला," वहिनी म्हणाल्या.

"उन्हाचं," मी म्हणालो.

"गाडीत ऊन नाही."

"ट्रॅफिकचं टेन्शन असतं मला. तुम्हाला माहीत आहे ना माझा स्वभाव."

त्यांनी माझ्याकडे नीट वळून बघितलं. सख्खे भाऊ तुम्ही, रक्त एकच, असं काही त्या बोलल्या नाहीत, पण मला ते ऐकू आलं. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले.

"पेन्शन पळून जात नाही," वहिनी म्हणाल्या. "डावीकडे घ्या. आधी डॉक्टर. आणि तिथे गेल्यावर एसीचं नाव काढायचं नाही. तो आता नीट आहे."